मोडायच्या राहिलेल्या चकत्या

उत्तम, तुझ्या ग्राइंडरला गार्ड बसवला.

ही पहिली बातमी. बाकीच्या ओळीने सांगते. तू कसा होतास हे लोकांचं बोलून झालं आहे. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला पाच-सहा जण उठून बोलले. तू किती शांत, किती मदतीचा, कधी कुणाला उलटून बोलला नाहीस. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे माझ्याच भावाबद्दल चाललंय ना? माझ्याशी तर तू सरळ बोललास असा दिवस आठवत नाही. मी मोठी, तू पाच वर्षांनी लहान. घरात पाटी एकच होती. मी लिहायचे, तू पुसायचास. तेच आपण पन्नाशीपर्यंत चालवलं.

तो गार्ड, फिरत्या चकतीवर बसवायचं ते अर्धं कवच, तुझ्या पत्र्याच्या पेटीत तळाला सापडला. मशीन आणलंस त्याच दिवशी काढून ठेवलेला असणार, कारण त्याचा रंगसुद्धा उडाला नव्हता. स्क्रू त्याच्याबरोबरच, चिंधीत बांधलेला. फेकला नाहीस आणि लावलाही नाहीस. तुझ्या बऱ्याच गोष्टी अशाच होत्या.

लोक अजून विचारतात म्हणून हेही लिहून टाकते. तू मशीनने गेला नाहीस. दुपारी जेवलास, दुकानातल्या खुर्चीत टेकलास आणि छातीने दगा दिला. मशीन तेव्हा खाली ठेवलेलं होतं आणि त्याची पिन बोर्डातून काढलेली होती. पिन काढलेली होती हे तुझ्या बायकोने, छायाने, मला तीन वेळा सांगितलं. का सांगत होती ते मला कळत होतं. त्या मशीनची भीती तुझ्यापेक्षा तिलाच जास्त होती.

आपलं भांडण किती जुनं होतं बघ. तुझं परतूरला ग्रील-गेटचं दुकान, माझी जालन्याला एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. तू लोखंड कापायचास, मी लोखंड कापणाऱ्यांना चष्मे, हातमोजे आणि चकत्या द्यायचे. या कामात डोळा कसा जातो, बोट कसं जातं, हे मी कागदावर वाचायचे आणि मी परतूरला आले की तू माझ्यासमोर करून दाखवायचास. पाइप पायाखाली दाबून कापायचास. एका हाताने मशीन धरायचास, दुसऱ्या हातात चहाचा कप नसायचा एवढंच. चष्मा कपाळावर. कपाळाला काय दिसायचं कोण जाणे.

“आक्का, गार्ड आडवा येतो. कोपऱ्यात मशीन जात न्हाई.”

“आडवा यायलाच दिलाय तो. कोपऱ्यात कानस घे.”

“कानशीनं संध्याकाळ होईल.”

“होऊ दे.”

“तुझ्या कारखान्यात चालत असंल. हितं गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हातं, जल्दी करा म्हणतं.”

मग तू छायाला हाक मारायचास, हिला चहा दे, म्हणजे घटकाभर गप बसंल. मी चहा प्यायचे आणि गप्प बसायचे नाही.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यासमोर कधी कबूल केली नाही, ती आता करते. कडा साफ करण्यात तुझा हात कुणी धरला नसता. वेल्डिंगचे गोळे आणि कापलेल्या कडा घासून झाल्या की तू उलटा हात सगळ्या गेटवरून फिरवायचास. तळहात राठ असतो, त्याला कळत नाही, उलट्या हाताला कळतं, असं म्हणायचास. हात कुठे अडखळला की परत मशीन उचलायचास. गिऱ्हाइकाला त्यातलं काही दिसत नसे. पण तुझ्या गेटवर कुणाचं धोतर, कुणाची साडी अडकून फाटली असं परतुरात मी तरी ऐकलं नाही. स्वतःच्या डोळ्यांची पर्वा नसलेला माणूस दुसऱ्याच्या हातांची एवढी काळजी का घेतो, हे मला कधी कळलं नाही. विचारायला हवं होतं. मी फक्त गार्डबद्दल विचारत राहिले.

आता त्या चकत्यांबद्दल लिहिते. अकरा वर्षं तू आणि मी त्यांच्याबद्दल बोललो नाही, त्यामुळे हात जरा थांबतोय. असू दे.

आमच्या स्टोअरचा नियम साधा आहे. जुनी चकती जमा करा, नवी घेऊन जा. जमा झालेल्या जुन्या चकत्या भंगारात जायच्या आधी हातोड्याने मोडायच्या. मोडायच्याच. सात इंची मशीनची चकती झिजून पाच इंचांवर आली की आमच्याकडे तिचं काम संपतं, पण बाहेर कुणाला तरी वाटतं, अजून हिच्यात दम आहे, छोट्या मशीनला चालेल. तसं वाटू नये म्हणून मोडायच्या. ते मोडणं माझ्या सहीने व्हायचं.

तू जालन्याला आलास की त्या ढिगाचा विषय काढायचास. निम्मं अंग शिल्लक असलेल्या चकत्या तुम्ही हातोड्यानं फोडता म्हणं, असं हळहळून म्हणायचास, जसं काही आम्ही दुभती जनावरं मारतो. दोनदा मी तुला उडवून लावलं. तिसऱ्यांदा तू काही मागितलंच नाहीस, नुसता माझ्या ओट्यावर बसून राहिलास, आणि मी म्हणाले, किती पाहिजेत?

का म्हणाले, याचं एकच कारण आहे. तुला नाही म्हणण्यात माझं आयुष्य गेलं होतं. एकदा हो म्हणून बघावंसं वाटलं. नेमकं चुकीच्या गोष्टीला म्हणाले.

बारा चकत्या मी मोडल्या नाहीत, मोडल्या म्हणून सही केली. वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातल्या आणि परतूरच्या गाडीत भाकरी असाव्यात तशा मांडीवर घेऊन बसले. तू त्या बघितल्यास तेव्हा तुझा चेहरा असा झाला की मला माझाच अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं.

त्या चकत्यांचं भोक मोठं, तुझ्या मशीनचा दांडा बारीक. तू मधे भरायला लोखंडी बुश बनवून घेतलास. पाच इंची चकती चार इंची गार्डमध्ये मावत नव्हती, पण तुझ्या मशीनला गार्ड होताच कुठे? बुश मधोमध बसत नव्हता, त्यामुळे मशीन थरथरायचं. छाया म्हणायची, हे हादरतंय. तू म्हणायचास, चालतंय.

सातवी चकती फुटली. एक तुकडा तुझ्या डाव्या डोळ्याखाली हाडावर बसला. बोटभर वर लागला असता तर डोळा गेलाच होता. तसाही तो पुढे अंधूकच राहिला. दुसरा तुकडा छायाच्या हातातल्या रेड ऑक्साइडच्या डब्यातून आरपार गेला. ती तुझ्यामागे बसून ग्रीलला रंग देत होती. सगळा रंग भिंतीवर उडाला आणि तिला ते तुझं रक्त वाटलं. तो डाग तू पुसला नाहीस. अजून आहे.

दवाखान्यात छायाने विचारलं, असं कसं झालं? तू पट्टीखालून म्हणालास, “बाजारातली चकती. डुप्लिकेट निघाली.” आणि उघड्या असलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्या उशाशी उभी होते. काही बोलले नाही.

तू खरं सांगितलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. ती राहिली. माझी दोन्ही मुलं तिच्यावर शिकली. हे मला रोज माहीत होतं आणि मी तुला एकदाही म्हणाले नाही.

एकदा निघाले होते म्हणायला. परतूरच्या फलाटावर तू मला सोडायला आला होतास. मी म्हणाले, उत्तम, त्या चकत्यांचं मला जरा बोलायचंय. तू म्हणालास, “गाडी आली बघ.” गाडी आली नव्हती. ती यायला आणखी वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं आपण दोघं रुळांकडे बघत उभे राहिलो. त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही.

असो. आता तू गेल्यानंतरचं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि आपले चुलते छायाला म्हणाले, मशीन विकून टाका, दुकान भाड्यानं द्या, हे काय बाईमाणसाचं काम आहे? छायाने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “आष्टीचं गेट अर्धं उभं हाय, काका. अंगणवाडीच्या लेकरांना काय सांगू?”

तुझं शेवटचं काम. भिंतीला टेकवलेलं, चौकट झालेली, आडव्या पट्ट्या नुसत्या टाके मारून धरलेल्या. छायाला वेल्डिंग येतं, ते तू तिला शिकवलंस. तिची शिवण तुझ्यापेक्षा सरळ जाते. पण ग्राइंडर तिने त्या डब्याच्या दिवसापासून हातात घेतला नव्हता. आणि घासल्याशिवाय गेट गेट होत नाही. बाहेरून माणूस आणायचा तर सहा महिन्यांत दुकान त्याचं झालं असतं, हे तिलाही कळत होतं.

“वेल्डिंगची डर न्हाई, आक्का,” ती मला म्हणाली. “त्या मशीनचा आवाज आला की मी दुकानाबाहेर निघून जाते.”

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. मी जन्मात एक गेट केलेलं नाही, पण त्या मशीनने कुणाचं काय होतं हे माझ्याइतकं तुझ्या गावात कुणाला माहीत नव्हतं. म्हटलं, हिला डोळ्यांनिशी आणि दहा बोटांनिशी हे काम करता आलं पाहिजे. मला दुसरं काही येत नाही, हे येतं.

पहिले दोन दिवस मशीन चालू केलंच नाही. पिन काढायची, चकती काढायची, चकती बसवायची, चावीने आवळायची. पुन्हा काढायची. चकतीवरचा वेगाचा आकडा वाचायचा, मशीनवरचा वाचायचा, चकतीचा मोठा पाहिजे. ती वैतागली. म्हणाली, मी काय परीक्षेला बसू राह्यले का? मी म्हटलं, हो. मग तुझी पेटी उपसली, गार्ड निघाला, आणि तो बसवला. चकती आणि आपलं अंग यांच्या मधे यायला हवा, तसा फिरवून. तुला एकदा ऐकायला हवा होता त्याचा आवाज. टक् करून बसतो. एवढंच काम होतं, उत्तम. तेवढं तू केलं नाहीस.

कपड्यांचा प्रश्न आला. पदर, मोकळे केस, बांगड्या, काहीच चालणार नव्हतं. तिने तुझा खाकी शर्ट काढला, बाह्यांची बटणं लावली, पदर कमरेला घट्ट खोचून शर्टाखाली घेतला, डोक्याला फडकं बांधलं. दाराच्या काचेत बघितलं आणि म्हणाली, “मी तर त्यांच्यावानीच दिसू राह्यले.” मग मी विचारलं, चष्मा कुठाय?

तिसऱ्या दिवशी मशीन चालू केलं. थिनरचे आणि रंगाचे डबे आधी बाहेर नेऊन ठेवले. पट्टी शिकंज्यात आवळली, पायाखाली नाही. दोन्ही हातांनी धर, म्हटलं, आधी एक मिनिट नुसतं हवेत फिरू दे, फुटायची असेल तर तेव्हाच फुटू दे. आणि चकतीच्या रेषेत उभी राहू नकोस. बाजूला उभी राहा. हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की ती म्हणाली, हे माझ्या पाठीवर लिहून ठेवा.

पहिली ठिणगी उडाली तेव्हा तिने डोळे मिटले. मी ओरडले, डोळे मिटायला चष्मा दिलाय का? ती तशातही हसली. आणि मग, उत्तम, तिने ती कड पूर्ण घासली.

पाचव्या दिवशी काम चालू असताना लाइट गेली. मी काही बोलायच्या आत तिने बटण मागे ओढून बंद केलं आणि मगच मशीन खाली ठेवलं.

“लाइट आली की हे आपोआप पळत सुटंल. बराबर ना?”

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिला तुझ्यामुळे माहीत होतं. एकदा लाइट गेली आणि तू मशीन चालूच ठेवून जेवायला घरी गेल्तास, ती म्हणाली, आन् लाइट आल्यावर ते कोंबड्यासारखं सगळ्या दुकानात उड्या मारत फिरलं. म्हणजे तुझ्याकडून ती बरंच शिकली होती. काय करायचं नाही, ते.

पुढच्या दिवशी चकत्या संपल्या. मी पिशवी शोधत होते आणि छायाने मागच्या भिंतीवरच्या खिळ्याची तार सोडली.

“आक्का, ह्या हायत ना. ह्यांनी जपून ठेवल्यात.”

पाच चकत्या. माझ्या. बारातल्या सात गेल्या, पाच राहिल्या, हा हिशेब मी अकरा वर्षांत एकदाही केला नव्हता. तू त्या तारेत ओवून भिंतीवर टांगल्या होत्यास, त्या डागाच्या वर, आणि तो बुशही तारेलाच बांधून. त्या वापरायच्या नाहीत एवढं तुला कळलं होतं. मग मोडल्या का नाहीस? माझ्या होत्या म्हणून? की झिजायच्या बाकी असलेली वस्तू तुला मोडवत नव्हती म्हणून? पुन्हा तेच. फेकल्या नाहीस, लावल्याही नाहीस. पण बायकोला सांगितलंही नाहीस, आणि ती आता हातात चावी घेऊन उभी होती.

मी म्हटलं, ती लावू नको. मोठ्या मशीनची आहे, आकडा लहान आहे, भोक मोठं आहे, आत तडा असला तर दिसत नाही. हे सगळं खरं होतं. एवढ्यावर भागलं असतं. पण ती चकती हातात फिरवून बघत होती. हिच्यात अजून बरंच शिल्लक हाय की, म्हणाली, अगदी तुझ्याच आवाजात.

“ह्यांनी अशा चकत्या आणल्या कुठून?”

तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, जसं स्टोअरमध्ये चोरी सापडल्यावर साहेबांना सांगतात तसं. मी आणल्या. मोडायच्या होत्या, मोडल्या नाहीत. त्यातलीच एक फुटली. तो बाजाराचं नाव घेऊन खोटं बोलला आणि मी बोलू दिलं.

ती ओरडली नाही. चकती ऐरणीवर ठेवली, हात शर्टाला पुसले.

“त्या मोईनभाईला मी भर रस्त्यात काय काय बोलले, तुम्हाला माहीत हाय?”

माहीत होतं. दवाखान्यातून ती तडक स्टेशन रोडला मोईनभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली होती. त्यानंतर अकरा वर्षं तिने त्यांच्याकडून खिळा घेतला नाही. स्क्रूचं पुडकंसुद्धा गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणायची.

“अकरा वर्षं मी त्या माणसाच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ राह्यले,” ती म्हणाली, “आन् तुम्ही दोघं बहीण-भाऊ बघू राह्यले.”

तिने शटर ओढलं आणि घरी गेली. दोन दिवस मला ताट वाढलं, पाणी ठेवलं, अंघोळीला गरम पाणी काढलं, शब्द काढला नाही. मी जालन्याला जायची पिशवी भरली. वाटलं, झालं. तुझ्या खोटेपणाने तुझा संसार अकरा वर्षं सावरला, माझ्या खरेपणाने दोन दिवसांत दुकान बंद पडलं. तू वर कुठे असशील तर म्हणत असशील, बघ, मी सांगत होतो ना, गाडी आली म्हणायचं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. अंगात खाकी शर्ट.

“तुमची रजा किती दिवस राह्यली?”

“सहा.”

“मंग चला. राग धरायला मला आत्ता टाइम न्हाई. गेट झाल्यावर धरीन.”

मी विचारलं, कुणावर धरणार आहेस, माझ्यावर की त्याच्यावर?

“दोघांवर. पण ते आता भेटत न्हाईत. तुम्ही भेटता.”

म्हणजे तुझ्या वाटचंही मलाच ऐकायचं आहे. ठीक आहे. ऐकीन.

दुकानात जायच्या आधी आम्ही मोईनभाईंकडे गेलो. छायाला पायरीवर बघून ते स्टुलावरून उठून उभेच राहिले. तिने चार इंची चकत्या मागितल्या, पाकीट फोडलं, एक काढून आकडा वाचला, त्यांच्यादेखत बोटाने तपासला. मग माझ्याकडे बघितलं. मी बोलले. घरी ठरवून गेले होते दोन वाक्यं, पण पाच-सहा झाली.

मोईनभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, “मी समजलो, माझ्याच मालात खोट होती. त्या दिवसापासून त्या कंपनीची चकती मी दुकानात ठेवलीच न्हाई.” आणि मग म्हणाले, तू एकदा त्यांना बस स्टँडवर गाठलं होतंस. घरच्या बाईचं बोलणं मनावर घेऊ नका, असं म्हणालास. ते म्हणाले, पण मिस्त्री, झालं काय होतं? तर तू त्यांना चहा पाजलास आणि बस लागली म्हणून निघून गेलास.

म्हणजे तूही एकदा सुरुवात केली होतीस. तुझीही गाडी आली.

हे ऐकून मला तुझा राग आला नाही, पहिल्यांदाच. आपण दोघं एकाच फलाटावर उभे होतो, एवढं कळलं.

छायाने त्यांच्याकडे माफी वगैरे मागितली नाही, तिचा तो स्वभाव नाही. ती म्हणाली, “आता चकत्या तुमच्याकडूनच नेत जाईन. पण आकडा बघून.” ते म्हणाले, बिलकुल बघून. आणि चहा सांगितला.

मग दुकानात येऊन त्या पाच चकत्या मोडल्या. दोघींनी चष्मे लावले, चकती पोत्यात घालून ऐरणीवर ठेवली आणि हातोडा घातला. दोन मी मोडल्या, तीन तिने. शेवटची मोडताना ती म्हणाली, ही त्यांच्या नावाची. मी विचारलं नाही, रागाने की मायेने. बहुतेक दोन्ही. पोतं उलटं केलं तर एका चकतीचा तुकडा तिने उचलून मला दाखवला. मोडल्याची कड दोन रंगांची होती. थोडी ताजी काळी आणि थोडी जुनी, धूळ बसलेली. ती आधीच तडकलेली होती.

उत्तम, आपलं भांडण संपलेलं नाही. तू मला वाचवलंस, हे मी आता कुणालाही सांगते. परवा आमच्या स्टोअरच्या साहेबांनाही फोनवर सांगितलं, काय करायचं ते करा म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात नवी माणसं भरती होतील, त्यांना हे तुम्हीच सांगा, जसं आत्ता सांगितलं तसं. सांगणार आहे. पण तुझीही अर्धी चूक होती, ती मी तू गेलास म्हणून सोडणार नाही. चकत्या मी दिल्या. बुश तू बसवलास, गार्ड तू काढलास, चष्मा कपाळावर तू ठेवलास. छायाला मी हे असंच वाटून सांगितलं. सगळं माझ्यावर घेतलं असतं तर ते पुन्हा तुझ्यासारखंच खोटं झालं असतं.

आणि एक गोष्ट तुझीही बरोबर होती. गार्ड कोपऱ्यात आडवा येतो. गेटच्या आतल्या कोपऱ्यात मशीन गेलंच नाही. छायाने कानस घेतली. संध्याकाळ झाली. झाली तर झाली.

काल गेट आष्टीला बसवलं. टेम्पोत मी पुढे, ती मागे गेट धरून. अंगणवाडीची मुलं आधीच रांगेत उभी होती, गेटवर पहिला झोका कुणाचा हे त्यांचं ठरलेलं होतं. बिजागऱ्या बसल्या, गेट उघडून-लावून झालं, बाई म्हणाल्या छान झालंय, आणि मी पिशवी उचलली.

छाया गुडघ्यावर बसली. उलटा हात वरच्या पट्टीवरून फिरवला, मग मधल्या, मग खालच्या. खालच्या पट्टीवर, मुलांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, तिचा हात थांबला.

“हितं टोचतंय.”

मी हात लावून बघितला. मला काही लागलं नाही. तसं म्हणाले.

“तळहात नका लावू, आक्का. उलटा लावा.”

उलटा लावला. लागलं. केसाएवढं.

तिने अंगणवाडीतून वायर ओढली, मुलांना ओसरीवर पाठवलं, चष्मा लावला, गार्ड चाचपून बघितला. दोन्ही हातांनी मशीन उचललं आणि माझ्याकडे बघून थांबली.

“आक्का, रेषेत उभ्या हायत तुम्ही.”

मी बाजूला झाले, उत्तम. मग तिने मशीन चालू केलं.